हॅनोव्हर : एका तबकडीची यात्रा

जर्मनीहून परतलेल्या मनुष्याच्या पेटींतून काय काय निघतें, हें वाचकांस सांगावयास नको. सुरी-कात्री, चॉकलेटें, एखादें घड्याळ, आणि मुलाबाळांसाठीं लहानसें खेळणें! आम्ही २००६ च्या मे महिन्यांत सपत्नीक तिकडे गेलों, तें मात्र कांहीं आणण्यापेक्षां कांहीं पोंचविण्यासाठीं. जी वस्तु पोंचवावयाची, तिचें वजन अवघें सोळा ग्रॅम, व्यास बारा सेंटिमीटर, आणि बाजारांत कोरी घेतली तर किंमत थोडे रुपये. परंतु पुण्याच्या वाड्यापासून हॅनोव्हरपर्यंत त्या वस्तूचें जें ओझें आमच्या मनावर होतें, तें आमच्या दोन्ही पेट्यांनाहि नव्हतें.

ती वस्तु म्हणजे आमच्या आत्याबाईंच्या ओव्यांची मूळ तबकडी. आत्याबाई वयाच्या तेराव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं परत आल्या, आणि पुढें साठांवर वर्षें आमच्याच घरांत राहिल्या. तीन पिढ्यांचीं मुलें त्यांच्या मांडीवर वाढलीं. पहांटे जात्यावर बसून त्या ओव्या गात आणि एकेका ओवींत घरांतील एकेका मुलाचें नांव गुंफीत. १९७१ च्या दिवाळींत आमच्या एका मावसभावानें फितीचें ध्वनिमुद्रणयंत्र आणलें. “जात्यावांचून ओवी कुठली रे सुचणार?” असें आत्याबाई म्हणाल्या, तेव्हां थोरल्या बंधूंनीं, म्हणजे आमच्या दादांनीं, अडगळींतलें जातें उचलून माजघरांत मांडलें. आत्याबाईंनीं तासभर दळलें आणि तासभर गाइलें. त्यानंतर दोनच वर्षांनीं त्या गेल्या. घरांत त्यांचें एक छायाचित्रहि धड नाहीं. राहिली ती एवढी एक फीत.

२००५ सालीं ती फीत पेटींतून काढली, तेव्हां तिला बुरशी धरलेली होती. पुण्यांतील एका जाणत्या ध्वनिमुद्रकानें ती हलक्या हातानें पुसून संगणकांत उतरवून घेतली आणि सांगितलें, “ही आज वाजली, पुन्हां वाजेल अशी खात्री देववत नाहीं.” घरांतील मंडळी आतां चाळीस-पंचेचाळीस बिऱ्हाडांत विखुरलेली. सर्वांना आणि स्नेह्यांना मिळून पांचशें तबकड्या छापून घ्याव्या असें ठरलें. दादांना त्या वेळीं अठ्ठ्याहत्तरावें वर्ष चालू होतें आणि दृष्टि जवळजवळ गेली होती. त्यांना ऐकण्यापलीकडे दुसरा विरंगुळा राहिला नव्हता. त्यामुळें घाईहि होती. धाकट्या बंधूंचा मुलगा हॅनोव्हरला इंजिनिअर आहे. त्यानें तिकडील एका कारखान्याशीं बोलणें लाविलें.

येथें आम्हीं जी चूक केली ती सांगतों. कारण असें काम आज ना उद्यां पुष्कळ घरांतून निघणार आहे. आम्हीं घरच्या संगणकावर तबकडी तयार केली, प्रत्येक ओवीची पहिली ओळ तेवढी ऐकून पाहिली, वरच्या बाजूस आत्याबाईंचें नांव छापलेली सुंदर गोल कागदी चिठ्ठी चिकटविली, तबकडी कागदी पाकिटांत घातली, आणि पाकीट टपालाच्या स्वाधीन केलें. दुसरी प्रत ठेविली नाहीं. तीन आठवड्यांनीं कारखान्याचें उत्तर आलें कीं, ही तबकडी छापण्यास अयोग्य आहे. सोबत कारणेंहि दिलीं होतीं. आमच्या यंत्रानें प्रत्येक ओवी लिहून झाल्यावर किरण थांबविला होता आणि पुढची ओवी नव्यानें सुरू केली होती. त्या प्रत्येक सांध्यावर न वाचतां येणारी जागा राहिली होती. मूळ तबकडी आरंभापासून अखेरपर्यंत एका दमांत लिहिलेली हवी. दुसरें, कागदी चिठ्ठीमुळें तबकडीचा तोल जातो आणि वेगानें फिरतांना ती हेलकावते. तबकडी त्यांनीं परत पाठविली, ती आमच्या हातीं पडली तेव्हां मध्यापासून कडेपर्यंत तडकलेली होती.

आम्हांला वाईट वाटलें, परंतु त्याहून मोठा धक्का पुढेंच होता. नवी प्रत करण्यापूर्वी सर्व ऐकावें म्हणून एका रविवारीं माजघरांत मंडळी बसली. वहिनी वही-पेन्सिल घेऊन बसल्या. अठ्ठावन्न मिनिटें कोणीं बोलावयाचें नाहीं, असा नियम केला. अखेरची ओवी झाली आणि वहिनी म्हणाल्या, “भावजी, ह्यांचें नांव कुठें आलें?” खरेंच आलें नव्हतें. आत्याबाईंचा शिरस्ता असा कीं, धाकट्यापासून सुरुवात करून थोरल्याचें नांव शेवटीं घ्यावयाचें. संगणकावर शेवटची खरखर काढून टाकतांना आमच्याच हातून अकरा सेकंद अधिक कापले गेले होते, आणि त्या अकरा सेकंदांत दादांची ओवी गेली होती! ती तबकडी कारखान्यानें स्वीकारली असती, तर पांचशें प्रतींतून दादांचेंच नांव नाहींसें झालें असतें. आणि दृष्टि गेलेला तो मनुष्य शेवटपर्यंत कान देऊन बसला असता. नाकारणाराचे उपकार मानण्याची वेळ मनुष्यावर क्वचित् येते. ती आमच्यावर आली.

ध्वनिमुद्रकाकडील मूळ नोंदींत ते अकरा सेकंद सुखरूप होते. आतां त्याच्याच हातून एका दमांत लिहिलेल्या दोन सारख्या तबकड्या करविल्या. पैकीं एक वहिनींच्या कपाटांत राहिली. दुसरी कडेला धरून, चमकत्या अंगास बोट न लावतां, कठीण प्लॅस्टिकच्या पेटींत बसविली. बहुतेकांची समजूत अशी असते कीं, चमकणारी बाजू तेवढी नाजूक. वस्तुतः त्या बाजूस सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचें पारदर्शक कवच असतें. खरी नाजूक ती वरची, नांव लिहावयाची बाजू. तेथें लिखाणावर केवळ लाखेसारखा पातळ थर असतो. म्हणून नांव मध्यावरील स्वच्छ कड्यावर मऊ लेखणीनें तेवढें लिहिलें. सोबत प्रत्येक ओवी कोणत्या मिनिटाला व कोणत्या सेकंदाला सुरू होते याचा तक्ता जोडला. आणि ह्या खेपेस टपालावर न विसंबतां, पुतण्याचें निमंत्रण होतेंच, तेव्हां ती स्वतःच नेण्याचें ठरविलें.

मुंबईच्या विमानतळावर सामानाच्या क्ष-किरणयंत्रापुढें आम्ही घुटमळलों. तेथील अधिकाऱ्यानें हंसून सांगितलें, “काका, ह्यानें तबकडीला कांहीं होत नाहीं.” तें खरें आहे, तबकडीचें वैर क्ष-किरणांशीं नसून उन्हाशीं आणि उष्णतेशीं आहे, कारण घरीं लिहिलेल्या तबकडींतील अक्षरें रंगद्रव्याच्या थरावर उमटलेलीं असतात आणि कडक उजेडानें तीं फिकीं पडूं शकतात. म्हणून विमानांत खिडकीशेजारची जागा आम्हीं सौभाग्यवतीस दिली आणि पिशवी स्वतःच्या पायांशीं ठेविली.

फ्रँकफुर्टहून हॅनोव्हरला जाणारी आगगाडी सुमारें अडीच तासांत पोंचते. दोहों बाजूंस मोहरीचीं पिवळीं शेतें आणि मधून मधून लाल कौलांचीं गांवें. वाटेंत गॉटिंगेनचें स्थानक लागलें, आणि पुणेकराच्या मनांत एक आठवण जागी झाली. आमच्या डेक्कन कॉलेजांत संस्कृत शिकविणारे प्रोफेसर कीलहॉर्न १८८२ पासून अखेरपर्यंत ह्याच विद्यापीठांत होते. पतंजलीच्या महाभाष्याच्या नाना पोथ्या ताडून त्यांनीं शुद्ध पाठ सिद्ध केला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांस १८८५ सालीं सन्मान्य डॉक्टर ही पदवी देणारें विद्यापीठहि हेंच. पोथीचा नकलकार कितीहि प्रामाणिक असो, त्याच्या हातून एक मात्रा सुटते, ती पुढच्या दहा पोथ्यांत सुटते. म्हणून मूळ ताडून पाहिल्याखेरीज नक्कल करूं नये, हा धडा त्या पंडितांनीं घालून दिला. आमच्या पायांशीं असलेल्या पिशवींत तोच धडा नव्या रूपानें बसला होता.

हॅनोव्हर हें लाइने नदीच्या कांठचें शहर. महायुद्धांत त्याची राखरांगोळी झाली. १९१३ सालीं पूर्ण झालेल्या नव्या नगरगृहाच्या दालनांत शहराच्या चार काळांच्या चार प्रतिकृति मांडल्या आहेत. त्यांपैकीं १९४५ सालची पाहतांना सौभाग्यवतीच्या डोळ्यांत पाणी आलें. छपरें नाहींत, केवळ भिंतींचे सांगाडे! तत्त्वज्ञ लाइब्निट्झचें घर १९४३ च्या बाँबवर्षावांत नष्ट झालें, आणि चाळीस वर्षांनीं दुसऱ्या जागीं त्याचें हुबेहूब तोंड पुन्हां बांधून काढलें. हेरेनहाउझेनची राजबाग मात्र जुन्या रेखीव घडणीची आहे, आणि तिचें कारंजें सत्तर मीटरांवर उडतें. आम्ही गेलों तेव्हां बागेंतील राजवाड्याची जागा ओसाड होती. तोहि पुढें २०१३ सालीं जुन्या दर्शनी रूपांत उभा राहिला. मूळ गेलें तरी नोंद राहिली असेल, तर वस्तु पुन्हां उभी करतां येते, हें हें शहर पदोपदीं सांगतें.

लाइब्निट्झ ह्या शहरांत १६७६ पासून १७१६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत राहिला. केवळ शून्य आणि एक ह्या दोन अंकांनीं सर्व संख्या लिहितां येतात, हें १७०३ सालच्या निबंधांत त्यानें मांडलें. लघु आणि गुरु ह्या दोहोंच्या प्रस्तारानें सर्व वृत्तें मोजणाऱ्या पिंगलाची आठवण आमच्या वाचकांस येथें झाल्यावांचून राहणार नाहीं. तबकडीवरील गाणेंहि असेंच लिहिलेलें असतें. ध्वनीच्या लाटेची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळां मोजावयाची, आणि प्रत्येक माप डाव्या व उजव्या कानासाठीं सोळा-सोळा शून्य-एकांनीं लिहावयाचें. एका सेकंदाच्या गाण्यास असे चौदा लक्षांहून अधिक अंक लागतात. हॅनोव्हरच्या ग्रंथालयांत लाइब्निट्झचें गणनयंत्र जपून ठेविलें आहे, आणि त्याच शहराला लागून असलेल्या लांगेनहागेनच्या कारखान्यांत १७ ऑगस्ट १९८२ रोजीं जगांतील पहिली सीडी विक्रीसाठीं छापली गेली. दोहोंमध्यें अंतर पावणेतीनशें वर्षांचें, पण जागेचें म्हणाल तर कांहीं मैलांचें!

ह्याहून जवळचें नातें आम्हांस पुतण्यानें दाखविलें. ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर हा ह्याच शहरांत १८५१ सालीं जन्मला. १८९८ सालीं त्यानें व त्याच्या भावानें येथें तबकड्या छापण्याचा कारखाना काढला. नोव्हेंबर १९०२ मध्यें फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्यानें गोहरजानबाई व इतर गायकांचें गाणें मेणाच्या जाड तबकड्यांवर उतरविलें, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु तीं मेणें छापण्यासाठीं गेलीं तीं ह्या हॅनोव्हरला! १९०८ सालीं कलकत्त्यास कारखाना निघेपर्यंत आपल्याकडील गाणें असेंच समुद्रापार जाऊन छापून परत येत असे, आणि त्या जुन्या तबकड्यांवर हॅनोव्हरचें नांव आजहि वाचावयास मिळतें. मेण तें मेण! उन्हानें मऊ होणार, धक्क्यानें तडकणार, बुरशीनें खराब होणार. तांबड्या समुद्राच्या उकाड्यांतून जहाजाच्या पोटांत तें आठवडेच्या आठवडे चाललेलें असे, आणि त्याची दुसरी प्रत कोठेंहि नसे. आमची एक तबकडी तडकली म्हणून आम्ही हळहळलों. तेथें तडा गेला असता तर एखाद्या गवयाचें अख्खें गाणेंच गेलें असतें. जुन्या कारखान्याच्या इमारतींतून आतां कचेऱ्या आहेत. त्यांच्यासमोर आम्ही क्षणभर नुसते उभे राहिलों.

तिसऱ्या दिवशीं कारखान्यांत गेलों. कारखाना शहराबाहेर, लहानसा आणि देवघरासारखा स्वच्छ. तपासणीच्या खोलींत एक प्रौढ बाई होत्या. त्यांनीं पेटी उघडली, तबकडी कडांनीं उचलून दिव्यापुढें तिरपी धरली, आणि मग यंत्रांत घातली. त्या यंत्राचें काम गाणें वाजविण्याचें नसून वाचतांना होणाऱ्या चुका मोजण्याचें असतें. चुका सर्वच तबकड्यांत असतात. एका सेकंदांत अंकांचे ७३५० गट वाचले जातात. त्यांपैकीं २२० पर्यंत गटांत दोष असला तरी नियमानें चालतो, परंतु चांगल्या तबकडींत तो आंकडा फारच कमी असतो. दुरुस्त न होणारी चूक मात्र एकहि चालत नाहीं. दुरुस्ती कशी होते, हें पुतण्यानें सांगितलें तेव्हां आम्हांला आपल्या वैदिकांची आठवण झाली. क्रम, जटा, घन अशा पाठांत शब्द उलटसुलट गुंफून पुनः पुन्हां म्हणतात; एक शब्द गळला तर लगेच उमगतो. तबकडींतहि शेजारचे अंक दूर दूर विखरून लिहितात आणि पडताळ्याचे जादा अंक मध्यें घालतात. त्यामुळें अडीच मिलिमीटरांपर्यंतचा ओरखडाहि गाण्याला कळूं न देतां भरून निघतो. यंत्राच्या पडद्यावर आमच्या तबकडीची रेघ खालींच सरळ धांवत राहिली. सौभाग्यवतीनें मनांतल्या मनांत गणपतीला हात जोडले असावेत.

परंतु यंत्राचें समाधान झालें, म्हणजे बाईंचें झालें असें नव्हे. त्यांनीं कानांवर श्रवणिका चढविल्या आणि सबंध तबकडी ऐकली. एक अक्षर न समजतां ऐकली! एकेचाळिसाव्या मिनिटाला त्या थांबल्या, मागें गेल्या, पुन्हां ऐकलें, आणि पुतण्याला कांहीं विचारलें. तो म्हणाला, “काका, येथें तीन ठोके येतात. हा तबकडींतला दोष, कीं मूळचाच आवाज? तुम्ही लेखी सांगितल्याखेरीज त्या पुढें जाणार नाहींत.” आम्हीं श्रवणिका कानाला लाविल्या. आत्याबाईंचा सूर मध्येंच थांबला होता; मग तीन ठोके, टक्, टक्, टक्, आणि पुन्हां घरघर व ओवी. जात्याचा खुंटा सैल झाला होता. आत्याबाईंनीं गाणें थांबवून तो ठोकून बसविला होता. “मूळचाच आवाज आहे, तसाच ठेवावा,” असें आम्हीं लिहून दिलें आणि खालीं सही केली. खुंटा हलवून बळकट करणें, ही म्हण आम्ही जन्मभर वापरीत आलों. ती कृति कानांनीं ऐकण्याचा योग हॅनोव्हरला यावयाचा होता.

पुढील प्रकार कांचेच्या झरोक्यांतून पाहिला. पॉलिश केलेल्या कांचेच्या जाड तबकडीवर प्रकाशानें पालटणाऱ्या द्रव्याचा पातळ लेप देतात. त्यावर लेसर किरणानें, आंतून बाहेर जाणाऱ्या चक्राकार रेषेंत, शून्य-एकांचें लेखन होतें. ही रेषा सरळ केली तर पांच किलोमीटरांहून लांब भरते. लेप धुतला कीं बारीक खळगे उमटतात. त्यावर धातूचा मुलामा, मग निकेलचा जाड थर. तो थर सोलून काढला कीं उलटा ठसा मिळतो. त्या ठशावर पातळ झालेलें पॉलिकार्बोनेट दाबलें कीं कांहीं सेकंदांत एक तबकडी! तिच्यावर ॲल्युमिनियमचा आरसा, वर लाख, आणि त्यावर नांव. ह्या खळग्यांना रंगद्रव्याप्रमाणें उन्हाचें भय नाहीं, म्हणूनच छापलेली तबकडी अधिक टिकते. परंतु ठसा चांगलें-वाईट जाणत नाहीं. मूळांत जें आहे तें तो पांचशेंदां, पांच हजारदां, तितक्याच निष्ठेनें उमटवितो. तपासावयाचें तें ह्या दाराच्या अलीकडेच.

तबकड्या श्रावणांत पुण्यास आल्या. पहिलीच दादांपुढें लाविली. ते पलंगावर डोळे मिटून पडले होते. अखेरची ओवी आली, त्यांचें नांव आलें, तरी ते कांहीं बोलले नाहींत. आम्ही मंडळी थोडी हिरमुसलों. मग ते म्हणाले, “ते ठोके पुन्हां लाव रे.” लाविले. “खुंटा त्या दिवशीं मींच बसविला होता. नीट बसला नव्हता. आत्या कांहीं बोलली नाहीं. तिनेंच ठोकून घेतला.” एवढें बोलून त्यांनीं तोंड भिंतीकडे वळविलें. वहिनींनीं आम्हांस खूण केली आणि आम्ही बाहेर आलों. दादा त्यानंतर दोन वर्षें होते. ती तबकडी त्यांच्या उशाशीं असे.

आतां असें काम बहुधा तारेनेंच जातें. अंकांची सर्व नोंद पडताळ्याच्या आंकड्यासह कारखान्याकडे पोंचते आणि एक अंक बदलला तरी कळतें. प्रवासाचें भय गेलें, हें चांगलेंच झालें. परंतु कापून टाकलेले अकरा सेकंद कोणताहि पडताळा सांगूं शकत नाहीं, आणि तीन ठोके दोष कीं आठवण, हेंहि तो ठरवूं शकत नाहीं. ज्या घरीं अशी एखादी फीत पेटीच्या तळाशीं पडली असेल, त्या घरच्यांनीं पुढच्या पावसाळ्याची वाट पाहूं नये. आणि ती उतरवून झाली म्हणजे घरांतील सर्वांनीं एकदां एकत्र बसून, अखेरपर्यंत, न बोलतां ऐकावी. कोणाचें नांव गळलें आहे, हें बहुधा घरांतील एखाद्या वहिनींच्याच ध्यानांत येईल.